नाव एकच ‘स्विफ्ट’, मग जपानची वेगळी आणि आपली वेगळी का?

माझ्या मामेभावाला पहिली गाडी घ्यायची आहे. बजेट आठ लाखांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त कर्जाचे. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला त्याने मला एक रील पाठवली. जपानमधला एक यूट्यूबर नवी सुझुकी स्विफ्ट दाखवत होता: हायब्रिड इंजिन, चारही चाकांना ताकद, पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल. खाली भावाचा मेसेज: “दादा, हे बघ. त्यांना हे, आणि आपल्याला काय? आपल्याकडे उरलंसुरलं खपवतात का?”

हा प्रश्न कमेंट्समध्येही रोज दिसतो. “इंडियन व्हर्जन म्हणजे कट-कॉपी” हे वाक्य आता जवळपास म्हणच झालंय. मी ठरवलं की रागाने उत्तर द्यायचं नाही. दोन्ही देशांची स्पेसिफिकेशन्स समोरासमोर ठेवायची, प्रत्येक फरकामागचं कारण शोधायचं आणि मग भावाला सांगायचं. त्यातून जे निघालं ते इथे मांडतो. थोडक्यात सांगायचं तर इंजिनाच्या बाबतीत भाऊ बराचसा चुकीचा होता. पण एका बाबतीत त्याचा राग योग्य होता, आणि ती बाब इंजिनाची नव्हती.

आधी फरक नेमका काय ते बघू

चौथ्या पिढीची स्विफ्ट जपानमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि भारतात मे २०२४ मध्ये. दोन्हीकडे इंजिन एकाच कुळातलं आहे: झेड१२ई, १.२ लिटर, तीन सिलिंडर, ताकद साधारण ८२ पीएस. म्हणजे “आपल्याला जुनं इंजिन दिलं” हा आरोप इथेच बाद होतो. उलट आपल्याकडचं आधीचं चार सिलिंडरचं के१२एन इंजिन ९० पीएसचं होतं. ताकद कमी झाली ती दोन्ही देशांत.

फरक इंजिनाच्या भोवती आहे.

जपानमध्ये महागड्या व्हेरिएंटना माइल्ड हायब्रिड मिळतं, आपल्याकडे नाही. जपानमध्ये ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी, आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. तिकडे फोर व्हील ड्राइव्हचा पर्याय आहे, इकडे नाही. आपल्याकडे सीएनजी आहे, तिकडे नाही. आणि एक गंमत: जपानची स्विफ्ट १६९५ मिलिमीटर रुंद आहे, आपली १७३५ मिलिमीटर. नाव तेच, लांबी तीच (३८६० मिलिमीटर), पण आपली गाडी ४० मिलिमीटरने रुंद.

ही शेवटची गोष्ट आधी घेऊ, कारण बाकी सगळ्याची किल्ली तिच्यात आहे.

गाडी इंजिनिअर बनवतो, पण माप कर खात्याचं असतं

जपानमध्ये लहान प्रवासी गाडीच्या वर्गात बसायचं तर रुंदी १७०० मिलिमीटरच्या आत हवी. म्हणून तिकडची स्विफ्ट १६९५ वर थांबते. आपल्याकडे रुंदीची अशी अट नाही, म्हणून ती पसरते. पण आपल्याकडे लांबीची अट आहे, आणि ती फार कडक आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ‘लहान गाडी’ अशी व्याख्या करून तिच्यावरचं उत्पादन शुल्क कमी केलं. लांबी ४ मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. जीएसटी आला तरी ही रेषा तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले, तेव्हा तर ती आणखी ठळक झाली: रेषेच्या आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४० टक्के.

हे रुपयांत बघा. समजा कराआधी गाडीची किंमत ६ लाख आहे. १८ टक्क्यांनी ती ७ लाख ८ हजार होते. तीच गाडी ४० टक्क्यांत गेली तर ८ लाख ४० हजार. केवळ ती रेषा ओलांडली म्हणून १ लाख ३२ हजारांचा फरक! माझ्या भावासारख्या माणसासाठी हा फरक म्हणजे गाडी घेणं किंवा न घेणं.

आता लक्षात घ्या, दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात. लांबी बसली पण इंजिन मोठं निघालं, तर सवलत गेली. ब्रेझाची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे ४ मीटरच्या आत. ती २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्यात १.३ लिटरचं डिझेल इंजिन होतं, ते १५०० सीसीच्या आत बसत होतं, म्हणून ती ‘लहान’. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले, कंपनीने डिझेल बंद केलं आणि ब्रेझात १.५ लिटरचं पेट्रोल आलं. गाडी तीच, लांबी तीच, पण आता ती कायद्याने ‘मोठी’ झाली. आधी तिच्यावर कर-उपकर मिळून ४५ टक्के लागायचे, आता ४० टक्के लागतात.

म्हणूनच सप्टेंबरमध्ये स्विफ्ट, वॅगन आर यांच्या किमती ब्रेझापेक्षा जास्त पडल्या. २९ वरून १८ म्हणजे ग्राहकाच्या किमतीत साधारण साडेआठ टक्क्यांची घट. ४५ वरून ४० म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. बातम्यांमध्ये “गाड्या स्वस्त” एवढंच होतं. कोणती गाडी किती स्वस्त होणार, हे इंजिनाच्या सीसीवर ठरत होतं.

फ्रॉन्क्स: एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या

हा सगळा प्रकार एका गाडीत बघायचा असेल तर फ्रॉन्क्स बघा. ही गाडी एप्रिल २०२३ मध्ये भारतात आली, दोन पेट्रोल इंजिनांसह: १.२ लिटर (साधारण ९० पीएस) आणि १.० लिटर टर्बो (साधारण १०० पीएस). दोन्ही १२०० सीसीच्या आत. लांबी ३९९५ मिलिमीटर. म्हणजे रेषेच्या आत, अगदी मापून.

ऑगस्ट २०२४ मध्ये याच फ्रॉन्क्सची १६०० हून अधिक गाड्यांची पहिली खेप गुजरातच्या पिपावाव बंदरातून जपानला निघाली आणि ऑक्टोबरमध्ये ती तिथे विक्रीला आली. पण जपानच्या फ्रॉन्क्समध्ये ना १.२ आहे ना १.० टर्बो. तिथे १.५ लिटरचं के१५सी माइल्ड हायब्रिड इंजिन आहे, सहा गिअरचं ऑटोमॅटिक आहे आणि हवं तर फोर व्हील ड्राइव्ह आहे. गाडी बनते आपल्याकडेच, पण तो पर्याय आपल्या शोरूममध्ये नाही.

राग येण्यासारखं आहे ना? मलाही आला. मग जपानचा वार्षिक वाहन कर बघितला. तिकडे दरवर्षी इंजिनाच्या सीसीप्रमाणे कर भरावा लागतो. १००० सीसीपर्यंत २५,००० येन, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३०,५०० येन. म्हणजे जपानी ग्राहकासाठी १२०० सीसी आणि १४६२ सीसी एकाच टप्प्यात येतात. मोठं इंजिन दिलं तरी त्याचा कर एक येनही वाढत नाही. मग कंपनी १.५ का देणार नाही?

आपल्याकडे तेच १.५ लिटर इंजिन त्याच गाडीत बसवलं की कर १८ वरून थेट ४० टक्के. म्हणून आपल्याला ताकद हवी असेल तर कंपनी इंजिन मोठं करत नाही, छोट्या इंजिनाला टर्बो लावते. १.० टर्बो आपल्या कायद्यासाठी नेमकं उत्तर आहे, आणि १.५ जपानच्या कायद्यासाठी.

जिम्नी: तीन देश, तीन अवतार

जिम्नीची गोष्ट याहून मजेदार आहे. जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे: इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर. या गाड्यांना वार्षिक कर फक्त १०,८०० येन. म्हणून तिकडची मूळ जिम्नी ६६० सीसी टर्बोची, ६४ पीएसची. हा ६४ चा आकडा तिकडच्या कंपन्यांनी आपापसात ठरवून पाळलेली मर्यादा आहे. वॅगन आरचंही असंच. जपानची वॅगन आर ६६० सीसीची केई गाडी आहे. आपली वॅगन आर १.० आणि १.२ लिटरची, लांबीला पाव मीटरहून मोठी आणि रुंदीलाही जास्त. नाव सोडलं तर ती वेगळीच गाडी आहे.

युरोपात जिम्नीला वेगळाच फटका बसला. तिथे कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी मोजतात. २०२० नंतर उद्योगासाठी हे लक्ष्य किलोमीटरला ९५ ग्रॅमच्या आसपास आलं. त्यापुढच्या प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. चौकोनी, जड, १.५ लिटरची जिम्नी ही सरासरी बिघडवत होती. मग काय केलं? २०२१ पासून मागची सीट काढून ती दोन माणसांची मालवाहू गाडी म्हणून विकली, कारण व्यावसायिक गाड्यांचा हिशोब वेगळा असतो. हीच सरासरी सांभाळायला सुझुकीने युरोपात टोयोटाच्या हायब्रिड गाड्या स्वतःचा लोगो लावून विकायला घेतल्या. अ‍ॅक्रॉस म्हणजे मुळात रॅव्ह४, स्वेस म्हणजे कोरोला.

भारतात जून २०२३ मध्ये पाच दरवाज्यांची जिम्नी आली. लांबी ३९८५ मिलिमीटर, पण इंजिन १.५ लिटर. म्हणजे लांबीच्या परीक्षेत पास, इंजिनाच्या परीक्षेत नापास! सुरुवातीची किंमत १२ लाख ७४ हजार झाली, आणि त्या पैशात लोकांना मोठ्या, ऐसपैस गाड्या दिसत होत्या. आपल्याकडे ती फार चालली नाही. तीच गुरुग्राममध्ये बनलेली गाडी जानेवारी २०२५ मध्ये ‘जिम्नी नोमाद’ नावाने जपानमध्ये जाहीर झाली, आणि चार दिवसांत सुमारे ५०,००० ऑर्डर आल्या. कंपनीचं मासिक लक्ष्य १,२०० गाड्यांचं होतं. शेवटी ऑर्डर घेणंच थांबवावं लागलं.

म्हणजे “जपानला चांगलं, आपल्याला टाकाऊ” असं सरळ समीकरण नाही. काही चांगल्या गाड्या आपल्याकडे आधी येतात आणि आपण त्या घेत नाही.

मग स्विफ्ट हायब्रिडचं काय? हिशोब करून बघू

माइल्ड हायब्रिड म्हणजे बॅटरीवर चालणारी गाडी नव्हे. इंजिनाला पट्ट्याने जोडलेली एक छोटी मोटर असते. ब्रेक मारताना ती वीज साठवते आणि पुढे वेग घेताना इंजिनाला थोडा हात देते. स्विफ्टमधल्या मोटरची ताकद जेमतेम ३ पीएस आहे. नुसत्या मोटरवर गाडी चालत नाही.

जपानमध्ये कंपनीच्याच आकड्यांनुसार सीव्हीटी असलेली साधी स्विफ्ट लिटरला २३.४ किलोमीटर देते आणि माइल्ड हायब्रिड २४.५. वर्षाला १०,००० किलोमीटर धरले तर साधी ४२७ लिटर पेट्रोल पिते, हायब्रिड ४०८ लिटर. वाचले १९ लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर वर्षाला साधारण २,००० रुपये. महिन्याला १६६ रुपये. मोटर, बॅटरी, वायरिंग यांचा खर्च किमतीत धरला की तो वसूल व्हायला किती वर्षं लागतील, ते तुम्हीच बघा.

आता सीएनजी. आपल्या स्विफ्टचं पेट्रोल मॅन्युअल कंपनीच्या दाव्यानुसार २४.८० किलोमीटर देतं, सीएनजी किलोला ३२.८५. सीएनजी ८० रुपये किलो धरा. १०,००० किलोमीटरला पेट्रोलचा खर्च साधारण ४२,००० रुपये, सीएनजीचा साधारण २४,५००. वाचले साडेसतरा हजार. गाडी घेताना सीएनजीसाठी नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त द्यावे लागतात, ते पाच-सहा वर्षांत निघतात. रोज ऑफिसला ये-जा करणाऱ्याचे त्याहून लवकर निघतात. तोटेही आहेत: पिकअप कमी (साधारण ७० पीएस), डिक्की सिलिंडर खातो, ऑटोमॅटिक मिळत नाही आणि पंपावर रांग असते. पण भारतात मारुतीच्या जवळपास दर तीन गाड्यांमागे एक सीएनजीची जाते, ती उगाच नाही.

म्हणजे इंधन वाचवायचं साधन जपानला माइल्ड हायब्रिड मिळालं आणि आपल्याला सीएनजी. खिशाच्या दृष्टीने आपलं साधन जास्त मोठं आहे.

एएमटी विरुद्ध सीव्हीटी इथेही तोच पैशांचा हिशोब. एएमटी म्हणजे नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. स्वस्त असतो, अ‍ॅव्हरेज चांगलं देतो, पण गिअर बदलताना हलकासा धक्का बसतो. सीव्हीटी मऊ चालतो, पण महाग पडतो. जपानची सगळ्यात साधी स्विफ्ट १७ लाख २७ हजार येनला आली, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेनऊ-दहा लाख रुपये. आपली ६ लाख ४९ हजारांपासून सुरू झाली. फोर व्हील ड्राइव्ह होक्काइडोच्या बर्फात रोजची गरज आहे. सातारा-पुणे रस्त्यावर ते फक्त जास्त वजन.

एक सावधगिरी. जपानचे आकडे डब्ल्यूएलटीसी चाचणीचे आहेत आणि आपले एमआयडीसी चाचणीचे. आपल्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नाही. परीक्षाच वेगळी, त्यामुळे जपानचा २४.५ आणि आपला २४.८ समोरासमोर ठेवून “आपली जास्त देते” म्हणू नका. तुलना नेहमी एकाच देशातल्या दोन आकड्यांची करा, मी वर केली तशी.

जिथे भावाचा राग खरा आहे

आता ती बाब. रीलमध्ये दाखवलेला आपोआप ब्रेक आणि अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल. आपल्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटला आहेत, ही चांगली गोष्ट. पण आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कुठल्याच व्हेरिएंटला नाही. जपानच्या फ्रॉन्क्समध्येही ती आहे, आणि ती गाडी तर गुजरातमध्ये बनते. म्हणजे ती यंत्रणा बसवण्याचं कौशल्य आपल्या कारखान्यात आहे.

कारण पुन्हा कायदाच. जपानने नोव्हेंबर २०२१ पासून नव्या देशी मॉडेल्सना आपोआप ब्रेकची सक्ती सुरू केली. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत ती हवी. आपल्याकडे छोट्या गाड्यांना तशी सक्ती नाही. जिथे कायद्याने मागितलं तिथे मिळालं. जिथे नाही मागितलं तिथे ते किमतीतून वगळलं.

इंजिनातला फरक मला पटतो, कारण त्याने माझे पैसे वाचतात. हा फरक मला पटत नाही. आपल्या रस्त्यांवर मध्येच गाय येते, उलट्या दिशेने बाइक येते, आणि तरीही ‘आपल्या परिस्थितीत चालणार नाही’ असं म्हणून विषय संपवतात. निदान वरच्या व्हेरिएंटला पर्याय म्हणून तरी ही यंत्रणा द्या, घ्यायची की नाही ते ग्राहक ठरवेल.

स्टार रेटिंगच्या बाबतीतही फसू नका. युरो एनकॅपने २०२४ मध्ये नव्या स्विफ्टला तीन स्टार दिले. ती युरोपची गाडी होती. ग्लोबल एनकॅपने त्याच वर्षी भारतातल्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार दिले. ती डिझायर होती. यातला कुठलाही निकाल उचलून भारतातल्या स्विफ्टला चिकटवता येत नाही, ना शिव्या द्यायला, ना कौतुकाला.

पुढे काय होऊ शकतं

एप्रिल २०२७ पासून आपल्याकडेही कंपन्यांच्या सरासरी धुराचे कडक नियम, म्हणजे कॅफे-३, आणायचं ठरलं. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या, १२०० सीसी आणि ४ मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना थोडी सवलत सुचवली होती, आणि त्यावरून कंपन्यांमध्ये उघड वाद झाला. ज्यांच्या हलक्या गाड्या जास्त त्यांना ती हवी होती, बाकीच्यांना नको होती. पुढच्या स्विफ्टमध्ये हायब्रिड येणार की नाही, हे मोठ्या प्रमाणात अशाच एखाद्या रेषेवर ठरेल. सुझुकीच्या जगभरातल्या विक्रीपैकी निम्म्याहून जास्त विक्री भारतात होते. त्यामुळे दिल्लीत रेषा हलली की हमामात्सूमधलं डिझाइनही हलतं.

गाडी घेण्याआधी एवढं करा

परदेशी रिव्ह्यू बघा, पण डिझाइन आणि आतली जागा यांच्यापुरता. इंजिन, गिअरबॉक्स आणि सेफ्टी यांच्यासाठी भारतातलं ब्रोशर उघडा, आणि तेही तुमच्याच व्हेरिएंटचं. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. शोरूममध्ये “सगळं मिळतं सर” असं कोणी म्हटलं, तर त्या पानावर बोट ठेवून विचारा.

सेकंडहँड घेत असाल तर नावावर जाऊ नका, इंजिन विचारा. २०२० च्या आधीची स्विफ्ट डिझेल असू शकते, २०२४ च्या मध्यापर्यंतची पेट्रोल चार सिलिंडरची, त्यानंतरची तीन सिलिंडरची. यूट्यूबवर सीव्हीटी ऑइल बदलण्याचा जपानी व्हिडिओ बघून आपल्या एएमटीला तेच सांगायला जाऊ नका. गॅरेजवाला हसेल, किंवा हसणार नाही आणि बिल देईल.

भावाला मी हे सगळं सांगितलं. त्याचं रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटर आहे, म्हणून त्याने सीएनजी बुक केली. दोन दिवसांनी पुन्हा मेसेज आला: “दादा, हायब्रिडचं कळलं. पण तो ब्रेकवाला प्रकार आपल्याकडे असायला हवा होता यार.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त अंगठा पाठवला.